मेचा शेवटचा आठवडा, सुट्टीचा शेवटचा दिवस: दापोली की मालवण?

मेच्या अखेरीला कोकणात आहात, सुट्टीचा एकच दिवस हातात उरलाय, आणि तो निवांत घालवायचाय. कुठे? बहुतेक जण किनारा कुठला देखणा यावरून ठरवतात. मला तो मुद्दा गौण वाटतो. दापोलीकडचं मुरूड-कर्दे-हर्णै घ्या किंवा मालवणकडचं तारकर्ली-देवबाग-चिवला, एका दिवसापुरते दोन्ही किनारे भरपूर आहेत. शेवटचा दिवस निवांत जाईल की तारांबळीत, हे दोनच गोष्टींवर ठरतं: होड्या चालू आहेत का, आणि घरी कशाने परतायचंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुंबई-पुण्याहून स्वतःच्या गाडीने आला असाल तर शेवटचा दिवस दापोलीत काढा. रेल्वेने आला असाल तर मालवणात, आणि तेही होड्या बंद झाल्यावर. शेवटची अट वाचून काही जणांच्या भुवया उंचावतील, पण तिला कारण आहे.

आधी तारखा

कोकणातला हंगाम शाळा संपवत नाहीत. शाळा उघडतात जूनच्या मध्यावर, समुद्र त्याच्या बराच आधी आटोपतो. प्रवासी होड्या आणि जलक्रीडा साधारण २५-२६ मेच्या सुमारास बंद होतात, त्या थेट ३१ ऑगस्टपर्यंत. यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंद असते. म्हणजे मधला पाच-सहा दिवसांचा तुकडा मोठा गमतीचा असतो: पर्यटकांच्या होड्या वाळूवर, मच्छीमारांच्या अजून पाण्यात, मुलांना सुट्टी, आणि डोक्यावर पाऊस.

पाऊसही ठरल्या तारखेला येईल असं नाही. केरळात १ जून आणि मुंबईत ११ जून या हवामान खात्याच्या सरासरी तारखा. २०२५ मध्ये तो केरळात २४ मेला पोचला आणि २६ मेला मुंबईत. त्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्याचं बुकिंग केलेल्यांची सुट्टी छत्रीखाली गेली. त्यात अरबी समुद्रातली वादळं याच दिवसांतली. तौक्ते २०२१ च्या मेच्या मध्याला कोकण किनाऱ्याला घासून गेलं. निसर्ग ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं आणि दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करून गेलं. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला असेल तर पुढचं काही वाचू नका, सामान बांधा.

होड्या नसताना काय उरतं

मालवणात होडी बंद झाली की जाहिरातीतलं जवळजवळ सगळं बंद होतं. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाता येत नाही. स्कूबा नाही, स्नॉर्केलिंग नाही, डॉल्फिन नाहीत. देवबागच्या संगमावरचं, ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात ते वाळूचं बेटही नाही. कर्ली नदीतल्या सफरीही बहुतेक थांबतात. किल्ला पाहिलाच पाहिजे असं घरातल्या कुणाचं म्हणणं असेल, तर तुमची सुट्टी २५ मेच्या आत संपायला हवी. कुर्टे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला ज्याच्या कामाला सुरुवात झाली, तो सुमारे ४८ एकरांचा किल्ला, त्यातलं शिवराजेश्वराचं मंदिर आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोडं पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी, हे काही शेवटच्या दुपारी उरकायचं काम नव्हे. तो पहिल्या दिवशी करायचा.

दापोलीत होडी बंद झाल्याने नुकसान कमी. समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला आणि कर्द्याचे डॉल्फिन एवढंच हातचं जातं. हर्णैला किनाऱ्यावरच कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवागड आहेत, तिन्हीकडे पायी जाता येतं. कनकदुर्गावर दीपगृहाच्या बाजूला उभं राहिलं की सुवर्णदुर्ग समोर येतो, तटबंदी नीट दिसावी इतका. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून त्यांचा मुलगा तुळाजी याच्याकडून घेतलं. आपलंच आरमार आपणच बुडवल्याच्या त्या गोष्टीची ही सुरुवात, असं माझ्यासारखे पुष्कळ लोक तिथे उभं राहून पुटपुटतात. पुढे जोग नदीवरच्या पुलाने आंजर्ल्याला जाऊन कड्यावरचा उजव्या सोंडेचा गणपती करता येतो. आता गाडी वरपर्यंत जाते, म्हणजे आजीही येऊ शकतात.

एवढ्यावरून दापोली सरस वाटेल. पण प्रश्न निवांतपणाचा आहे, आणि तिथे पारडं फिरतं. हंगामात मालवणच्या जेटीवर, तारकर्लीच्या रस्त्यावर, अगदी खानावळीच्या दारातही कुणी ना कुणी पॅकेज घेऊन उभा असतो: पाच प्रकारचे वॉटर स्पोर्ट्स, स्कूबा, व्हिडिओ फुकट. होड्या बंद झाल्या की ही सगळी गडबड एका दिवसात ओसरते. जेटीवर मग जाळी दुरुस्त करणारी माणसं उरतात. मग दांडीच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी जावं. या खडकावर गणपती, सूर्य-चंद्र कोरलेले आहेत, किल्ल्याच्या बांधणीआधी महाराजांनी इथे पूजा केली असं मानतात. समोर पाण्यात किल्ला. तिकीट नाही, लाइफ जॅकेट नाही, कुणी घाई करत नाही. मालवणच्या रहिवाशांना किल्ला रोज असाच दिसतो, आणि पर्यटकांपैकी फार थोड्यांना.

पाण्यात उतरायचं असेल तर

दोन्हीकडे उत्तर सावध आहे. मेच्या शेवटी समुद्र फुगू लागतो, लाटा लांबून येतात आणि पायाखालची वाळू ओढून नेतात. पाणी कोमट असतं, गढूळही. कमरेच्या पुढे जायचं नाही, हा नियम दोन्ही ठिकाणी सारखा.

त्यातल्या त्यात मालवण शहराला लागून असलेला चिवला बरा: अर्धचंद्राकार, उथळ, बाहेर खडक असल्याने लाट मोडून आत येते. तारकर्ली त्यापेक्षा उघडी. तिची वाळू पांढरी आणि पाणी एरवी स्वच्छ, पण या दिवसांत तिथे नुसतं बसलेलं चांगलं. दापोलीकडे मुरूड-कर्दे हा पट्टा लांब, रुंद आणि अगदी हळूहळू उतरत जाणारा. वाळू काळसर, ओली असताना चकचकीत.

भरती-ओहोटीचा फरक मालवणपेक्षा दापोलीकडे जास्त, कारण तो किनाऱ्याने उत्तरेला जावं तसा वाढत जातो. म्हणून मुरूडला शेवटच्या दिवसाची आखणी तिथी बघून केली तर फायदा होतो. जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकरा-बारा. दुसरी भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी. हा हिशोब मुंबईच्या आसपास चांगला जुळतो, दक्षिणेला भरती थोडी आधी येते, आणि अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचाच. आता शेवटचा दिवस पौर्णिमा-अमावास्येच्या जवळ असेल तर ते उधाणाचे दिवस: भरदुपारी पाणी सुरूच्या झाडांकडे येतं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास इतकं मागे जातं की मुलांना क्रिकेटचं अख्खं मैदान मिळतं. सूर्य सातच्या आसपास बुडतो, म्हणजे वेळ जमून येते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, आणि संध्याकाळी वाळूचा पट्टा अरुंद झालेला असतो. तेव्हा फिरणं सकाळी उशिरा, पाणी उतरल्यावर करावं.

याच सपाट वाळूवर लोक गाड्या घालतात. चढत्या पाण्यात रुतलेली एसयूव्ही ट्रॅक्टरने ओढून काढतानाचं दृश्य पाहायला अर्धं गाव जमतं. तुम्ही प्रेक्षकांतच राहा.

संध्याकाळ: हर्णैचा लिलाव आणि मालवणचं खळं

संध्याकाळच्या बाबतीत दोन्ही जागांचा स्वभाव पूर्ण वेगळा आहे, आणि निवड करताना याला मी बरंच वजन देईन.

हर्णैला दुपार कलली की होड्या बंदराकडे येऊ लागतात. त्या काठाला लागत नाहीत, थोड्या अंतरावर थांबतात. पाण्यात चाकं अर्धी बुडेपर्यंत बैलगाड्या आत जातात, मासळीने भरलेल्या टोपल्या आणि बर्फ घेऊन परत येतात. वाळूवर ढीग मांडले जातात: पापलेट वेगळं, सुरमई वेगळी, कोळंबी वेगळी, बाकीचं मिश्र. मग बोली. बोलीचा आवाज इतका भरभर चालतो की पाहुण्याला आकडा कळेपर्यंत माल उचलला गेलेला असतो. पायाखाली बर्फाचं पाणी, खवले आणि वाळू यांचा चिखल, नाकात तो सगळा वास, आणि डोक्यावर घारी व कावळे. ३१ मेपर्यंत, वारा साथ देत असेल तोवर, हे चालू असतं. शेवटच्या दोन-चार दिवसांत मात्र निम्म्या होड्या वर ओढायच्या तयारीत असतात. जाळी उतरवलेली, इंजिनं काढलेली, झावळ्यांचे झाप बाजूला रचून ठेवलेले. जून उजाडला की त्याच वाळूवर शांतता. किरकोळ खरेदी करायची असेल तर लिलावात नाक खुपसू नका, बाजूला वाटे लावून बसलेल्या मावशींकडून घ्या. त्या भाव सांगतील, तुम्ही थोडा कमी करून मागा, त्या हसतील किंवा रागावतील, पण मासळी ताजी असेल.

मालवणातही लिलाव होतो, लहान. तिथली खरी संध्याकाळ घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात असते. तारकर्ली-देवबागला बहुतेक निवास घरगुती आहेत आणि मेच्या शेवटी यजमानांच्या घरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची तयारी चालू असते. पाहुणे कमी, त्यामुळे लपवाछपवी नाही. खळ्यात आमसुलं वाळत असतात: रातांबे (कोकमाची फळं) फोडून, बिया वेगळ्या करून, सालं त्यांच्याच रसात आणि मिठात बुडवून उन्हात घातलेली. हे बुडवणं-वाळवणं अनेक दिवस चालतं, सालं दरवेळी काळपट होत जातात, आणि हात लालजांभळे. बाजूला सुकट, खारवलेला बांगडा, फणसाची साटं. दुपारी चारनंतर घाटाच्या बाजूला ढग भरून आला की घरातली बाई एक हाक मारते आणि जो असेल तो धावतो, पाहुणासुद्धा. सुपं, चटया, सगळं पडवीत. दोन थेंब पडतात, लाईट जाते, ढग निघून जातो, आणि सगळं पुन्हा बाहेर. हॉटेलात उतरणाऱ्याला हे मिळत नाही, आणि जानेवारीत येणाऱ्यालाही नाही.

मुलांना काय आवडेल? हर्णै, निःसंशय. तुम्हाला स्वतःला खुर्चीवर पाय वर घेऊन बसायचं असेल तर मालवण.

जेवणाचं थोडक्यात: मासे खाणाऱ्यांनी मालवण निवडावं, पण मेअखेरीस मासळी महाग असते आणि सगळीच ताजी नसते, तेव्हा मेन्यू बघण्याआधी आज काय आलंय ते विचारावं. शाकाहारी कुटुंबाची सोय मुरूड-आंजर्ले-केळशीच्या घरगुती खानावळींत जास्त चांगली होते. सांगून ठेवलं तर उकडीचे मोदक मिळतात. मालवणात शाकाहाऱ्यांनी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी मागावी, पनीर मागू नये.

परतीची वाट

निवांत दिवस कुठे संपतो? परतीचा विचार डोक्यात शिरतो तिथे. गाडीवाल्यांसाठी मालवणचा शेवटचा दिवस म्हणूनच फसवा असतो. मुंबई सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं, म्हणजे आदल्या रात्री लवकर झोपायचं, म्हणजे संध्याकाळी सातलाच बॅगा. पुण्याला फोंडा घाटाने कोल्हापूरमार्गे जावं लागतं, तेही अख्खा दिवस खातं. दापोलीहून पुणे साधारण २०० किलोमीटर, मुंबई त्याहून थोडी जास्त. सकाळी समुद्रावर चक्कर, नाश्ता, अंघोळ, मग अकराला निघालात तरी रात्रीच्या जेवणाला घरी. पुण्याची वाट ताम्हिणीने घेतलीत आणि पाऊस सुरू झाला असेल तर घाटात धुकं असतं, म्हणून अंधार पडायच्या आत घाट चढावा.

रेल्वेवाल्यांचं गणित नेमकं उलटं. मालवणहून कुडाळ स्टेशन पाऊण-एक तासावर. कोकणकन्या आणि तुतारी या रात्रीच्या गाड्या, दिवस मावळल्यावर बसायचं आणि सकाळी मुंबईत उतरायचं. म्हणजे शेवटचा अख्खा दिवस तुमचा. शिवाय कुडाळची वाट चौके-धामापूरवरून घेतली तर धामापूरचा तलाव लागतो. १५३० मध्ये बांधलेला, काठावर भगवतीचं देऊळ, सगळीकडे झाडी. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांत घेतलं. समुद्राच्या खाऱ्या, चिकट दिवसांनंतर तासभर गोड्या पाण्याच्या काठी बसून मग गाडी पकडणं, यासारखा शेवट दापोलीकडे जमत नाही. तिथलं स्टेशन खेड, आणि रात्रीच्या गाड्या खेडला मध्यरात्रीच्या आसपास येतात. अर्धवट झोपेतली मुलं आणि सामान घेऊन त्या वेळी फलाटावर उभं राहण्यात कसला निवांतपणा? दिवसाच्या गाडीने किंवा एसटीने जावं, पण मग शेवटचा दिवस अर्धाच उरतो.

एक अडचण आहे. आरक्षण आता १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, आणि मेअखेरीची कोकणकन्या पहिल्या काही मिनिटांतच वेटिंगला जाते. तिकीट हातात नसेल तर मालवणचा विचार सोडा. जूनच्या मध्यानंतर जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू झालं की गाड्या सावकाश धावतात आणि वेळा बदलतात. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं होतं, त्याआधी बरीच वर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर.

डिकीत काय घालायचं

हापूस विसरा. मेच्या शेवटच्या आठवड्यात चांगला माल संपलेला असतो, उरलेला कॅनिंगला जातो, आणि एकदा पाऊस शिंतडला की कोकणातली माणसं स्वतःही आंबा जपूनच घेतात. रस्त्यावर पेट्या दिसतील, वरचा थर बघून भुलू नका. त्याऐवजी करवंदं, जांभळं, कापा फणस, रायवळ.

मालवणहून न्यायच्या गोष्टी पिशवीत मावतात: आमसुलं, कोकम आगळ, कुळथाचं पीठ, तिरफळं, आणि गूळ-आल्याचं खाजं. रेल्वेला हे सोयीचं. सुकी मासळी मात्र नीट गुंडाळून घ्या, रात्रभर डब्यात बाकी लोकही असतात.

दापोलीची खरेदी वेगळी आणि माझ्या मते जास्त शहाणपणाची. तिथे कोकण कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासूनचं. मेची अखेर म्हणजे लागवडीच्या तोंडावर कलमं घ्यायची वेळ. विद्यापीठाच्या आणि आसपासच्या रोपवाटिकांत आंबा, काजू, नारळ, जायफळ मिळतं. विद्यापीठाने वेंगुर्ल्याच्या केंद्रात तयार केलेला रत्ना हा आंबा हापूस आणि नीलम यांच्या संकरातून आलाय. गावी थोडी जमीन असेल तर चार कलमं डिकीत उभी करून न्या. पिशवीतली माती ओली हवी, काचा किंचित उघड्या, आणि वर बॅगा ठेवायच्या नाहीत.

आणि पाऊस आलाच तर

मालवणात पडवी असलेलं घर निवडलं असेल तर काहीच बिघडत नाही. पत्ते, चहा, कांदाभजी, कौलांवरचा आवाज. देवबागला मात्र किनाऱ्याच्या अगदी पुढच्या ओळीतली खोली घेऊ नये. नदी आणि समुद्र यांच्यामधली ती अरुंद पट्टी आहे, उधाणाला पाणी बांधावर आपटतं आणि रात्रभर झोप लागत नाही. दापोलीत पाऊस लागला तर किल्ल्यांच्या पायऱ्या शेवाळायच्या आत निसरड्या होतात, हर्णैचा लिलाव बारगळतो, आणि दिवस खोलीत जातो. तसं झालंच तर दुपारची वाट बघू नका. सामान गाडीत टाका आणि उजेड आहे तोवर घाट गाठा.